शून्यावर पाच

मशीन केकाटलं तेव्हा ऑपरेटरबाईंच्या हातात चहाचा भरलेला कप होता. त्यांनी थेंबही सांडू दिला नाही. कप खाली ठेवला, नाकातली नळी नीट केली आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, लाइन मेली!"

"मेली काय? गेली असेल," बाहेरून लिफ्टवाल्यांचा आवाज आला. "सकाळी सकाळी काहीतरी अभद्र बोलायचं!"

"आमच्या एक्स्चेंजात मेलीच म्हणायचे. गेलेली आपली आपण येते. मेलेलीला माणूस पाठवावा लागतो."

लिफ्टवाले गाडीच्या चाकाखाली लावलेले दगड तपासत होते, ते तसेच मातीच्या हातांनी आत आले. दाराशेजारच्या बोर्डावर ताटलीएवढा गोल स्विच होता, लाल मुठीचा. मूठ एकवर असली की गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावरच्या खांबातली वीज. दोनवर जनरेटर. तीनवर छतावरचं ऊन, म्हणजे उन्हानं भरलेली बॅटरी आणि तिची वीज घरातल्या विजेसारखी करून देणारा इन्व्हर्टर. आणि दर दोन आकड्यांच्या मध्ये एक शून्य. त्यांनी मूठ एकवरून शून्यावर आणली आणि हात तिथंच धरला.

"एक, दोन, तीन, चार, पाच."

बाईंनीही ओठातल्या ओठात मोजले. मूठ तीनवर गेली, खट्ट झालं, बिछान्याशेजारचं ऑक्सिजनचं मशीन केकाटायचं थांबलं आणि पुन्हा गुरगुरायला लागलं. नाकात थंडगार हवा आली.

हे पाच मोजणं लिफ्टवाल्यांचं. छत्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली, आणि छत्तीस वर्षांत एक मोटर जाळली नाही हा त्यांचा अभिमान. चालती मोटर एका विजेवरून दुसऱ्या विजेवर ढकलली की बिथरते म्हणायचे. तिला आधी उभी राहू द्यावी, दम खाऊ द्यावा, मग नवी वीज दाखवावी. घाई केली तर यंत्रही जातं आणि माणूसही. शेजाऱ्यांचा मिक्सर बंद पडला तरी ते आधी पाच मोजत, त्यामुळे शेजारच्या काकू मिक्सर त्यांच्याकडे न्यायच्याच बंद झाल्या.

"किती आहे?" वरच्या फळीवरून मुलीनं विचारलं. डोळे अजून उघडायचे होते, पण प्रश्न तयार होता.

"शंभर," लिफ्टवाले म्हणाले. "रात्रभर खांबावर भरलीय. आता ऊन येईल. तू झोप."

"झोपते कसली," असं म्हणत ती उतरलीच.

मुलगी विम्याच्या ऑफिसात दावे तपासायची. जगात जे जे वाईट घडू शकतं त्याची फाइल तिच्या टेबलावरून गेलेली. आईबाबा या गाडीनं निघणार म्हटल्यावर ती आठवड्याची रजा टाकून आली होती, आणि येताना एक कागद टाइप करून घेऊन आली होती. त्यावर अटी होत्या आणि खाली तिघांच्या सह्या. अट चौथी: बॅटरीचा आकडा पन्नासच्या खाली गेला की गाडी तिथून मागे वळेल. मागे वळली की गाडी विकायची आणि आईनं मुलीच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायला जायचं. छान खोली होती. खिडकी होती, टीव्ही होता, इमारतीला लिफ्टसुद्धा होती.

ही लिफ्ट महत्त्वाची, कारण लिफ्टवाल्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. लोक हसायचे. ते म्हणायचे, हसा, दिवसभर लिफ्टमध्ये असतो, घरी तरी पायांनी चढू द्या. पण बाईंची फुप्फुसं कामातून गेली, घरात मशीन आलं, आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. मशीनची नळी सात मीटर. स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत ती पुरायची, गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत पुरायची, पण दारापर्यंत पुरायची नाही. बेल वाजली की दोन पावलं अलीकडून बाई ओरडायच्या, "लोटा, उघडंच आहे!" अशी दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत भावजी वारले. ताईचे यजमान. ताई म्हणजे बाईंची मोठी बहीण, तिकडे डोंगरावरच्या गावी. बातमी फोनवर आली, रडणं फोनवर ऐकलं. बाईंनी एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडले होते. जन्माच्या, मरणाच्या, मोडलेल्या लग्नांच्या बातम्या त्यांच्या हातांखालून गेल्या होत्या, आणि स्वतःच्या बहिणीच्या वेळी त्यांना एवढंच सुचलं की, "ताई, मी आहे गं लाइनवर." तास दीड तास त्या नुसत्या लाइनवर होत्या. फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "मला तिच्या गळ्यात पडून रडायचंय हो. एवढं एकदा रडले की मग कुठल्या खोलीत ठेवायचं तिथं ठेवा."

लिफ्टवाले दुसऱ्या दिवशी बाहेर पडले आणि एका बेकरीची जुनी पावाची गाडी घेऊन आले. पुढचे दहा महिने ते त्या गाडीतच राहिले म्हणा ना. बिछाने केले, छतावर सौर विजेचे काचेचे पत्रे चढवले, बोर्ड बसवला. ऊन तापलं की आतल्या पत्र्यांतून अजून पावाचा वास यायचा. निघायच्या दिवशी तीन मजले त्यांनी आणि मुलीनं मिळून बाईंना खुर्चीत बसवून उतरवलं. एका हाताला लहान सिलेंडर. खाली आल्यावर बाईंनी आकाशाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे एवढं मोठं होतं का आधी?"

काल निम्मा रस्ता झाला होता. उरलेला आज व्हायचा होता.

आठ वाजता आकडा अठ्ठ्याहत्तर होता.

"हे काय?" मुलगी म्हणाली.

"सकाळचं ऊन कच्चं असतं. नऊनंतर बघ," लिफ्टवाले म्हणाले. पण तोंडानं म्हणाले तेवढंच. शिडी लावून छतावर चढले आणि ओल्या फडक्यानं पत्रे पुसून आले.

नऊला चौसष्ट.

ऊन चांगलं चटके देत होतं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तळावरचा मॅनेजर येऊन सांगून गेला की वीज दुपारनंतरच, कुठेतरी खांब पडलाय. शेजारच्या गाड्यांतली मंडळी खुर्च्या टाकून बाहेर बसली होती. लिफ्टवाल्यांनी वायरींचे स्क्रू आवळले, फ्यूज काढून फुंकला, बॅटरीला हात लावून बघितला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो उन्हाचा नव्हता हे बाईंना बिछान्यावरून दिसत होतं.

"बाबा, निघू या का सरळ?" मुलीनं विचारलं. "मावशीकडे वीज आहे ना?"

"कारण कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही," ते म्हणाले. "पुढे तीन तास घाट आहे. बिघाड कुठंय ते माहीत नसताना मी कधी लिफ्टमध्ये माणूस चढवला नाही."

"मग मागे. वीस किलोमीटरवर हॉस्पिटल आहे."

"अजून पन्नास झालेले नाहीत."

"होतील. तासाभरात होतील. बाबा, मी काही तुमची वैरीण नाही. मला फक्त आई हवीय!" एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

उपाय एकच होता, जनरेटर. तो मागच्या रॅकवर बांधलेला होता, धडधाकट होता, पण पोटात पेट्रोल नव्हतं. तेही लिफ्टवाल्यांच्याच हुकमानं. ऑक्सिजन आणि पेट्रोल एका छपराखाली नेणार नाही, लागेल तिथं घेऊ, असं त्यांनी बजावलं होतं. आता लागलं होतं, आणि पंप चार किलोमीटर लांब. त्यांनी मॅनेजरची स्कूटर मागून घेतली.

"अहो, हेल्मेट," बाई म्हणाल्या.

"डोकं असलं तर हेल्मेट ना!" ते वैतागून म्हणाले आणि घालून गेले.

साडेनऊला अठ्ठावन्न.

मुलगी आकड्यासमोर बसली होती, जशी काही तिची नजर हलली तर तो आणखी घसरेल. मशीन गुरगुरत होतं. बाई उशीला टेकून डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या. ऐकत होत्या.

हे ऐकणं म्हणजे काय ते एक्स्चेंजात काम न केलेल्याला कळायचं नाही. समोर भोकांची मोठी फळी, हातात दोऱ्यासारख्या वायरी, कानाला हेडफोन. एका भोकातून माणूस बोलायचा, दुसऱ्या भोकात त्याला जोडायचा. वायर खुपसली की पहिल्या क्षणाच्या आवाजावरून बाईंना कळायचं, लाइन ओली आहे, लाइन तुटली आहे, का कोणी तिसराच कान लावून बसला आहे. साहेब म्हणायचे, यांच्या कानाला पगार वेगळा द्यायला हवा. दिला मात्र कधी नाही. पुढे सगळं आपोआप जोडलं जायला लागलं, फळी भंगारात गेली, बाई निवृत्त झाल्या. तो कान मात्र कोणी परत मागितला नव्हता.

"चिमे," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "पंखा बंद कर."

"आई, उकडेल."

"कर गं. आणि जरा गप्प बस."

पंखा थांबला. आता मशीनचा आवाज होता, तो ओळखीचा. त्याच्या मागे इन्व्हर्टरची गुणगुण. पण ही गुणगुण नेहमीपेक्षा जड होती. काल दुपारी जेवायला वाटेत गाडी उभी केली तेव्हा ती हलकी होती, मांजर झोपेत करतं तेवढी. आता ओझं उचललेल्या हमालासारखी चालली होती. आणि तिच्याही खाली, अगदी बिछान्याच्या खालून, तिसरा आवाज. बारीक घरघर.

"बिछान्याखाली काय आहे?"

"बॅटऱ्या. आणि तो चार्जर."

"चार्जर म्हणजे खांबाच्या विजेवर बॅटरी भरतो तोच ना?"

"हो."

"खांबावर तर वीज नाही." बाईंनी डोळे उघडले. "मग हा कोणाचं खाऊन गुरगुरतोय?"

मुलीनं आकड्यावरून नजर काढली.

"काल संध्याकाळी तू त्याच्या वायरीत अडखळलीस ना, दाराशी?"

"हो. मीच बाबांना म्हटलं, आईच्या पायात येईल, हलवा ती. मग त्यांनी आतल्या बोर्डातच..." ती मध्येच थांबली.

बाईंना एकदम हसू आलं. हसू आलं की खोकला यायचा, तोही आला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका वकिलानं फोन उचलला आणि नंबर मागितला. मी घाबरलेली, मी जोडून दिला. वकील म्हणाले, एंगेज लागतोय. दहा मिनिटांनी पुन्हा मागितला, पुन्हा एंगेज. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांचा फोन एंगेजच. शेवटी मोठ्या बाई आल्या, वायरीला हात लावत गेल्या आणि मला म्हणाल्या, बाळ, तू त्यांना त्यांचाच नंबर जोडून दिलायस."

"म्हणजे?"

"म्हणजे बॅटरीतून वीज निघते, इन्व्हर्टरमधून आतल्या बोर्डावर येते, तिथून हा चार्जर ती पितो आणि परत त्याच बॅटरीत ओततो. येता जाता सांडतो ते वेगळंच. ओंजळीनं उपसायचं आणि ओंजळीनंच भरायचं. विहीर भरेल का अशानं?"

आकडा चोपन्न होता.

"आपण बाबांची वाट बघू," मुलगी म्हणाली.

"बघू की. त्यांना यायला अर्धा तास. तोवर पन्नास उतरतील आणि तुझा कागद पुढे येईल."

"आई, कागदाचं सोड. तू याला हात लावायचा नाहीस. तुझा श्वास..."

"मी कुठं लावतेय? तू लावणार आहेस." बाई उठून बसल्या. "बिछान्याखाली जा. चार्जरचा प्लग शोध. पण चालू प्लग ओढायचा नाही, तुझ्या बाबांनी ऐकलं तर घरात घेणार नाहीत. मी स्विच शून्यावर आणते. शून्यावर आला की तू ओढायचास."

"शून्यावर आला की मशीन बंद पडेल!"

"पडेल. पाच मोजेपर्यंत. मी कालपासून मोजतेच आहे."

मुलगी आधी सिलेंडर घेऊन आली, तो बाईंच्या हाताशी ठेवला, त्याची चावी सैल करून बघितली. मग ऑफिसची म्हणून सांभाळलेली चांगली पँट अंगात असतानाच ती पोटावर आडवी झाली आणि बिछान्याखाली सरपटत गेली. बाहेर फक्त तळवे राहिले.

"इथं तीन वायरी आहेत! कुठली?"

"गुरगुरणाऱ्या डब्यातून येते ती. हात लावून बघ, थरथरत असेल तो."

"थरथरतोय... सापडली. प्लग हातात आहे."

बाई उठल्या. बिछान्यापासून बोर्डापर्यंत चार पावलं. एकेक पाऊल टाकून त्या पोचल्या. लाल मुठीवर हात ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दहा महिन्यांत आपण हिला एकदाही हात लावलेला नाही. ज्याच्यासाठी ही सगळी उठाठेव, तो जीव बिछान्यावर आणि स्विच दुसऱ्याच्या हातात. त्यांनी बोटं घट्ट केली.

"होल्ड करा," त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं म्हटलं तसंच, त्याच सुरात. "लाइन बदलतेय."

मूठ शून्यावर आली. मशीन केकाटलं. नाकातली हवा थांबली.

"एक," बाई म्हणाल्या. छातीत कळायला लागलं होतं. "दोन. ओढलास का?"

"घट्ट बसलाय! निघत नाहीये!"

"तीन. हिसका देऊ नकोस, हलवून ओढ."

मशीन केकाटत होतं. चार म्हणायच्या ऐवजी बाईंनी एक बोट वर केलं, कारण शब्दावर श्वास घालवायचा नव्हता. बिछान्याखाली धप्प झालं, कपाळ आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मुलगी ओरडली, "निघाला! आई, निघाला!"

बाईंनी पाचवाही मोजला. घाई केली नाही. मग मूठ तीनवर ढकलली.

खट्ट.

मशीन गुरगुरलं. हवा आली. बाई बोर्डाला टेकून उभ्या राहिल्या आणि कान लावला. हमाल ओझं उतरवून गेला होता. मागे उरली होती फक्त मांजराची गुणगुण.

मुलगी बाहेर आली. केसांत जळमटं, कपाळावर टेंगूळ, हातात प्लग. दोघी आकड्यासमोर बसल्या. एक्कावन्न होता. पाच मिनिटं गेली. एक्कावन्नच. मुलगी काहीतरी बोलणार, एवढ्यात तो पन्नास झाला.

"पन्नास," मुलगी हळूच म्हणाली.

"अट काय आहे? दावे तपासतेस ना, वाच."

"पन्नासच्या खाली."

"आणि पन्नास म्हणजे?"

"पन्नास म्हणजे खाली नाही," मुलगी म्हणाली, आणि तिनं आईचा हात पकडला.

पाच मिनिटं, सात मिनिटं. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. आकडा हलला. एक्कावन्न झाला. मग दोघी नुसत्या बघत राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं तो बावन्न झाला, तशी मुलीनं एवढ्यानं आरोळी ठोकली की शेजारच्या गाडीतला माणूस खुर्चीवरून उठून बघायला लागला.

लिफ्टवाले परत आले ते एका हातात पेट्रोलचा डबा आणि दुसऱ्या हातात हेल्मेट घेऊन, धापा टाकत. पायरीवरूनच विचारलं, "किती?"

"चोपन्न," बाई म्हणाल्या.

"चोपन्न? मी गेलो तेव्हा साठ होते. आता पन्नासच्या..." त्यांना हिशेब लागेना. मुलीनं त्यांच्यासमोर प्लग धरला.

त्यांनी प्लगकडे बघितलं. मग आतल्या बोर्डाकडे बघितलं. डबा बाहेरच ठेवून ते पायरीवर बसले आणि डोक्याला हात लावला. सगळी गाडी तपासली होती त्यांनी, एक जागा सोडून. आपण काल स्वतःच्या हातानं केलेल्या कामाकडे कोण संशयानं बघतो?

"छत्तीस वर्षं," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं, आणि कुंपणच शेत खात होतं! आणि मी गेलोय पेट्रोल आणायला. काखेत कळसा नि गावाला वळसा. अगं, तुझ्या जिवाशी खेळ झाला असता!"

"झाला नाही ना."

"ही शिकाऊ पोराची चूक आहे."

"हो. माझी पहिल्याच आठवड्यातली आहे," बाई म्हणाल्या. "तुमची जरा उशिरा झाली एवढंच. मुलीला विचारा वकिलाची गोष्ट, ती सांगेल. आणि उठा, हात धुऊन चहा घ्या. पेट्रोलच्या हातानं आत यायचं नाही, तुमचाच हुकूम आहे."

चहा झाल्यावर लिफ्टवाल्यांनी चार्जरची वायर पूर्वीसारखी बाहेरच्या प्लगला नेली, ती पायात येऊ नये म्हणून दाराच्या कडेनं पट्ट्या मारून बसवली. आणलेलं पेट्रोल मॅनेजरच्या स्कूटरला घातलं. मग गाडी सुरू करायच्या आधी ते बोर्डाजवळ आले, मुठीकडे बघितलं, आणि तिला हात न लावता बाईंना म्हणाले, "ऑपरेटरबाई, तीनवरच राहू द्यायचं ना?"

त्यांनी बायकोला या नावानं हाक मारल्याला पंचवीस वर्षं तरी झाली असतील.

"राहू द्या," बाई ऐटीत म्हणाल्या. "बदलायचं असेल तेव्हा मी सांगेन."

घाट चढताना ऊन माथ्यावर होतं. वळणावळणाला आकडा वाढत होता आणि मुलगी तो मोठ्यांदा वाचून दाखवत होती, जशी काही कोणी धावा काढतंय. सत्तर झाले. पंच्याहत्तर झाले. ऐंशीला लिफ्टवाल्यांनी हॉर्न वाजवला. पत्र्यांतून पावाचा वास सुटला होता. अटींचा कागद मुलीनं घडी करून डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला, आणि टेबल हलायचं थांबलं.

चारच्या सुमाराला ते ताईच्या घरी पोचले. अंगणात शिरताना गाडी फाटकातच अडली. पुढे जागा नव्हती. लिफ्टवाल्यांनी मागचं दार ओसरीकडे येईल अशी ती वळवून लावली, तरी मध्ये बरंच अंतर उरलं.

ओसरीवर, खांबाला धरून ताई उभी होती. किती लहान झाली होती! पांढरे केस, हातात काठी. मागे दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या. एकीवर घडी केलेली पुरुषाची शाल.

बाई गाडीतून उतरल्या. मुलगी दारात बसून नळी सोडत होती. एक मीटर, दोन मीटर. बाई अंगणातून चालल्या होत्या, सावकाश, कोणाचा हात न धरता. ओसरीची पायरी दोन पावलांवर आली आणि नळी ताणली गेली. त्या थांबल्या. घरच्या दारापाशी थांबायच्या तशाच, नेमक्या दोन पावलं अलीकडे.

"पुरत नाही गं ताई," त्या म्हणाल्या.

मागे एकदा पाय घसरून पडल्यापासून ताई एकटी पायऱ्या उतरत नव्हती. तिनं काठी पुढच्या पायरीवर टेकली. लिफ्टवाले धावले तसं तिनं हातानंच त्यांना लांब राहायला सांगितलं. एक पायरी उतरली. दुसरी उतरली. मातीवर पाय ठेवला आणि काठी टाकून दिली.

"गेले गं ते," ताई म्हणाली. दहा-अकरा महिन्यांपूर्वी फोनवर सांगितलं होतं तेच, जसं काही आत्ताच कळलं होतं.

"हो गं," बाई म्हणाल्या. "मी आले."

आणि मग दोघी म्हाताऱ्या बहिणी भर अंगणात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मोठ्यांदा रडल्या. राहिलेलं सगळं रडल्या.

ऊन डोंगराआड गेलं होतं. लिफ्टवाल्यांनी घराच्या खिडकीतून वायर आणून गाडीच्या प्लगला लावली आणि मुलीला खूण केली. ती बोर्डाजवळ गेली. लाल मुठीवर हात ठेवून तिनं दारातून आईला विचारलं, "आई, घराच्या विजेवर घेतेय. पाच मोजेपर्यंत बंद राहील. चालेल?"

बाईंनी मागे वळून न बघता, ताईच्या खांद्यावरून एक हात वर केला.

मुलीनं मूठ शून्यावर आणली आणि मोजायला लागली. एक. दोन. तीन. चार. पाच. मग तिनं लाइन जोडली. मशीन पुन्हा गुरगुरायला लागलं, पण अंगणातल्या दोघींच्या ते ध्यानातही आलं नाही.